सेनापतीच्या ताटातला पहिला घास

पूल मागे पडला तरी तुरुंगाची भिंत दिसेना. परदेशी पाहुण्यांच्या गाड्या जायच्या म्हणून सकाळपासून बस बंद होत्या, आणि दोघी जावा चालतच कामावर निघाल्या होत्या. थोरली तुरुंगातली स्वयंपाकीण. धाकटी, म्हणजे ही हकीकत लिहिणारी, तिच्याच हाताखाली.

"मोठ्यांच्या गाड्या पळतात, झिजतात आपले पाय," धाकटी म्हणाली.

"पाय तरी आपले आहेत ना. चल."

थोरली कमी बोलायची, पण बोलली की चिमटा काढायची. डाळ पातळ झालीय म्हणणाऱ्या एका शिपायाला तिने "मग पोहून बघा" असं सांगितलं होतं.

युद्धात सैनिकांनी तिच्या एकुलत्या एक मुलाला घरातून नेलं, तो परत आला नाही. ज्याच्या हुकमाने गल्लीतली सगळी तरुण पोरं नेली, तो सेनापती पुढे पकडला गेला आणि खटल्यासाठी याच तुरुंगात आला. थोरली तिथे आधीपासूनच चूल सांभाळत होती. तिचा मुलगा कोणी नेला, हे तुरुंगात कोणी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

सेनापतीला विषाची धास्ती. त्याने अन्नच सोडलं. आरोपी उपाशी मेला तर न्याय कोणाचा करायचा, म्हणून न्यायाधीशांनी त्याचं ऐकलं: स्वयंपाकघरातल्या बाईने त्याच्यासमोर पहिला घास खायचा, त्याच्याशी चकार शब्द बोलायचा नाही. तेव्हापासून थोरली त्याच्या कोठडीत उभी राहून त्याच्या ताटातला घास खायची, मग तो जेवायचा.

"खुन्याला भरवते," शेजारीण नळावर ऐकवायची.

"भरवते कुठली? माझं उष्टं खातो तो," म्हणत थोरली बादली उचलायची.

देवाने एवढी सहनशक्ती एकीच्याच पदरात का घातली, हे धाकटीला कधी कळलं नाही.

आता निकाल तोंडावर आला आणि बातमी फुटली. मोठ्या देशांनी आपसात तह जुळवला होता; त्यात सेनापतीला विमानाने दुसऱ्या देशात सोडायचं ठरलं होतं. बेपत्ता पोरांच्या घरच्यांच्या वतीने एका वकीलबाईने हरकत घेतली होती. त्या हरकतीचा फैसला आज होता.

"जाऊबाई, आज विचाराच त्याला," धाकटी म्हणाली. "पोराला कुठे पुरलं, एवढंच." त्या पोराला तिनेही अंगाखांद्यावर खेळवलं होतं.

थोरलीने पदर खोचून चाल वाढवली.

"रोज तोच प्रश्न जिभेवर येतो. घासाबरोबर गिळते."

"नोकरी जाईल म्हणून?"

"नोकरी गेली खड्ड्यात. मी तोंड उघडलं की त्याचा वकील उठेल. म्हणेल, बघा, वैरिणीच्या हातचं खायला घालून माझ्या माणसाला छळलं. त्या गाडीवाल्या पाहुण्यांना त्याला सोडायला निमित्तच हवंय. मला माझ्या पोराची जागा कळेल, आणि बाकीच्यांच्या पोरांचा खटला बुडेल."

"आणि गप्प राहूनही तो सुटला तर?"

"सुटेल. माझ्या तोंडाने नको सुटायला."

तुरुंगाच्या फाटकाशी शिपायाने दोघींची झडती घेतली. आत पाऊल टाकताना थोरली थांबली. तिने धाकटीचा हात धरला.

"एक करशील का ग?" ती म्हणाली. "आजचं ताट तू ने. घास तू खा. मी गेले तर आज मला तोंड आवरणार नाही. आणि हे बघ, तूही त्याला काही विचारू नकोस."