वाक्याखालचं नाव

आमच्या पडवीत बायका सुपारी सोलायला बसल्या की पुरुषांनी तिथे फार रेंगाळायचं नसतं. असा नियम कुणी केलेला नाही, पण श्रीवर्धनच्या आमच्या आळीत तो पाळला जातो. अंगणात वाळलेली सुपारी त्यांच्यापुढे ओतायची, सोललेली उचलून न्यायची आणि मधल्या वेळात आपल्या कामाला लागायचं. पायाखाली दाबलेल्या लाकडाला लोखंडी पातं बसवलेलं असतं. त्यावर सुपारी टेकवायची, एक झटका द्यायचा. साल एकीकडे, सुपारी दुसरीकडे. हात असे कामाला लागले की तोंडं मोकळी होतात. सासवा, सुना, नवरे, सरपंच, सगळे तिथे सोलून निघतात. तिथलं बोलणं सालींबरोबर तिथेच पडतं आणि संध्याकाळी चुलीत जातं. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. तरी मी ते बाहेर नेलं.

आपली चूक सांगताना माणूस आधी पावसापाण्याचं बोलतो, असं आक्का म्हणायची. मी सुपारीपासून सुरुवात केली, एवढाच फरक.

आक्का आमच्याकडे मी शाळेत होतो तेव्हापासून येते. ऐन तरुणपणी तिचा नवरा गेला आणि ती भावाकडे परत आली. भाऊ गवंडी. लोकांची घरं बांधता बांधता त्याने घरामागे बहिणीसाठी एक खोलीही बांधली, स्वतःच्या हाताने, सुट्टीच्या दिवशी. त्या खोलीत आक्का तीस वर्षं राहिली. भाऊ कधी वाकडा शब्द बोलला नाही. वहिनीही वाईट नव्हती. पण घर वहिनीचं होतं आणि खोली मागची होती.

मी इथल्याच एका हायस्कूलमध्ये मराठी शिकवतो. शाळेच्या फाटकापाशी, रस्त्याकडे तोंड करून, सुविचाराचा फळा आहे. तो रोज लिहायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा सोबत एक जुनी वही मिळाली. वहीतले सुविचार इतके गुळगुळीत होते की लिहिताना मलाच जांभया यायच्या. एकदा सकाळी घाईत, वही घरी राहिली म्हणून, मी आदल्या दिवशी पडवीतून जाता जाता कानावर पडलेलं आक्काचं वाक्य लिहून टाकलं. "म्हातारपणी माणूस गोड होत नाही, दात पडतात म्हणून चावत नाही."

त्या दिवशी लोक गाड्या थांबवून हसत होते. मासळी घेऊन चाललेल्या एका बाईने मुलांकडून ते वाक्य दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाली, "आमच्या सासऱ्यालाच बघून लिवलंय कुणी."

मला चटक लागली. सुपारीची पाटी उचलायच्या निमित्ताने मी पडवीत जास्त वेळ थांबू लागलो. बायका माझी चेष्टा करायच्या. "मास्तरांना शाळेत कुणी बोलायला मिळत न्हाय वाटतं." आक्का म्हणायची, "बसू दे गं. लहानपणी पण असाच बसायचा, नाक पुसत." आणि बोलत राहायची. "'मी कुणाच्या मध्ये पडत न्हाय' असं जो सारखा सांगतो ना, तो दाराआडच उभा असतो." दुसऱ्या दिवशी ते फळ्यावर. "माफी मागायला येणारा माणूस कधी मोकळ्या हाताने येत न्हाय. कायतरी घेऊन येतो, म्हंजे आपल्याला धड चिडता येत न्हाय." तेही फळ्यावर. मी तिचे शब्द जरा नीट करायचो, 'न्हाय'चं 'नाही' करायचो. खाली लिहायचो, 'मराठी विभाग'. मराठी विभाग म्हणजे मी एकटा.

शाळेच्या स्नेहसंमेलनात पाहुण्यांनी फळ्याचं कौतुक केलं आणि मला शाल, श्रीफळ दिलं. उत्तरादाखल बोलायला उभा राहिलो. तिथेही मी तिचीच दोन वाक्यं म्हटली, जणू त्याच क्षणी सुचली अशा थाटात. टाळ्या पडल्या. आक्का बायकांच्या रांगेत बसली होती. निघताना फाटकापाशी भेटली आणि म्हणाली, "छान बोललास हो. माझंच कायतरी आईकल्यासारखं वाटलं." आणि हसली. तिच्या हसण्यात राग नव्हता, पण माझ्या खांद्यावरची शाल मला टोचायला लागली.

चूक सुधारायची, आणि लगेच, असं मी ठरवलं. माझा स्वभावच तसा आहे. मन खाऊ लागलं की मला ते ओझं दिवसभरही बाळगवत नाही. कुठेतरी टाकून मोकळं व्हायचं असतं, आणि ते कुणाच्या अंगावर पडतंय हे मी पाहत नाही.

आता तिचं नाव द्यायचं तर तिचं सगळ्यात चांगलं वाक्य निवडायला हवं, असं मला वाटलं. ते माझ्याकडे होतं. आठ दिवसांपूर्वी बाकीच्या बायका विहिरीवर पाणी प्यायला गेल्या होत्या आणि आक्का एकटीच सोलत होती. मी सहज विचारलं, "आक्का, तू नाही गेलीस? जेवलीस तरी का?" ती पात्यावरची नजर न काढता म्हणाली, "दुसऱ्याच्या घरात भूकपण विचारून लागते रे." एवढंच म्हणाली आणि लगेच आमच्या गाईची चौकशी करायला लागली.

ते वाक्य मी सोमवारी सकाळी फळ्यावर लिहिलं. मोठ्या, वळणदार अक्षरात. खाली लिहिलं, 'आमच्याकडे सुपारी सोलायला येणाऱ्या आक्का'. मागे सरून पाहिलं. खरं सांगतो, मला फार हलकं वाटलं.

मधल्या सुट्टीपर्यंत फळ्याचा फोटो गावभर फिरला होता. आळीतल्या प्रत्येकाला ही आक्का कोण ते ठाऊक होतं, आणि 'दुसऱ्याचं घर' कुणाचं तेही. तिचा भाऊ तेव्हा एका कॉटेजच्या कामावर होता. तिथल्या मुकादमाने फोनवरचा फोटो त्याला दाखवला आणि सगळ्यांदेखत विचारलं, "काय रे, बहिणीला उपाशी ठेवतोस काय?" भाऊ हातातली थापी तिथेच टाकून घरी आला. नुसता ओट्यावर बसून राहिला, असं मला नंतर कळलं.

बोलली ती वहिनी. दुसऱ्या दिवशी दुपारी ती डबा घेऊन आमच्या पडवीत आली आणि सगळ्या बायकांपुढे आक्काला म्हणाली, "वन्सं, जेवण आणलंय. भूक लागली का, ते विचारायला आले." पहिल्या दिवशी एकदोघी हसल्या. ती रोज येऊ लागली. "वन्सं, आज लागली का? का अजून विचारायची हाय?" चौथ्या दिवसापासून कुणी हसेना. आक्का डबा उघडायची, सगळ्यांसमोर जेवायची, डबा धुऊन परत द्यायची. आठव्या दिवशी आक्का आलीच नाही. काशीदला तिची भाची पर्यटकांसाठी खानावळ चालवते, तिकडे निघून गेली होती. मागच्या खोलीला कुलूप होतं.

जायच्या आदल्या दिवशी मी तिला अंगणात गाठलं होतं. "आक्का, मी चांगल्या भावनेने..." ती म्हणाली, "मी तुझ्याशी बोलत होते. फळ्याशी न्हाय."

पुढच्या रविवारी मी मोटारसायकल काढली. दिघीला फेरीबोटीत चढवली, आगरदांड्याला उतरवली, मुरूड ओलांडून काशीदला पोचलो. खानावळीच्या मागे आक्का नारळ खोवत बसली होती. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या पिशवीकडे. पिशवीत साडी होती आणि पेढे.

"फळ्यावर लिवलेलं इसरलास व्हय?" ती म्हणाली.

पिशवी कुठे ठेवावी ते मला कळेना. ती तशीच पायाशी धरून मी उभा राहिलो. म्हणालो, "तू सांगशील ते करतो."

"काय करशील?"

"भावाच्या पाया पडतो. गावासमोर माफी मागतो."

"म्हंजे परत तेच. परत तुझीच गोष्ट." तिने खोवणीवरची वाटी बाजूला ठेवली. "त्याला जाऊन सांग, ते वाक्य माझं न्हाय. तू रचलंस. माझं नाव उगाच घातलंस."

"पण ते खोटं आहे, आक्का."

"आधीची सगळी तुझीच होती ना? तेव्हा खोटं बोलायला जमलं. मग एक अजून." ती परत खोवायला लागली. "मला माझ्या खोलीत जायचंय रे. हितं रात्रंदिस गाणी लावतात."

परतीच्या बोटीत पेढ्यांची पिशवी माझ्याकडेच होती. चोरी कबूल करायला निघालेल्या मला तिने परत चोरी करायला पाठवलं होतं. या वेळी कुणाच्या तरी उपयोगी पडेल अशी.

भाऊ अंगणात तुळशीवृंदावनाला गिलावा करत होता. मी त्याला सांगितलं. वाक्य माझं, मी घरी बसून रचलं, वजन यावं म्हणून तिचं नाव टाकलं. सगळं पाठ करून गेलो होतो. त्याने शांतपणे ऐकलं, थापीवरचा माल पुसला.

"मास्तर," तो म्हणाला, "एवढं बरं तुम्हाला कधी सुचलंय काय?"

"तीस वरसं मी तिला कधी विचारलं न्हाय, किती खाल्लंस म्हणून," तो म्हणाला. "जेवलीस का, हेपण न्हाय विचारलं." तो परत गिलाव्याकडे वळला. "लिवा तसं फळ्यावर, तुमचं हाय म्हणून. लोकांचं तोंड बंद झालं की झालं. आमच्या हिचंपण होईल. आणि वाक्य तिचंच हाय हे मला कळलंय, ते तिला सांगू नका."

सोमवारी मी लिहिलं, 'त्या सुविचाराखाली चुकून दुसऱ्याचं नाव पडलं होतं. वाक्य माझं आहे.' शिक्षकांच्या खोलीत एकाने माझा हात हातात घेतला. "सर, मोठं मन लागतं. एवढं सुंदर वाक्य तुम्ही दुसऱ्याच्या नावावर घालत होता!" मी आभार मानले. दुसरं काय करणार? फळा मी पुढच्या महिन्यात दुसऱ्या शिक्षकाकडे सोपवला.

आक्का परत आली. पुढच्या हंगामात आमच्या पडवीतही आली, कारण काम हवंच होतं. पण मी आत गेलो की ती सुपारीबद्दल बोलते. यंदा बारीक आहे, यंदा किडकी जास्त आहे. बाकीच्या बायका तर तेवढंही बोलत नाहीत. पात्यांचा आवाज फक्त येत राहतो.

भाऊ गेल्या वर्षी गेला. वहिनी मुलाकडे पनवेलला राहायला गेली आणि घराची चावी आक्काकडे आली. हे सगळं लिहावं असं माझ्या मनात आलं. पण छापून आलं तर कुणीतरी तिला वाचून दाखवणारच, म्हणून परवा पडवीत ती एकटी असताना आधी मीच तिला सांगायला गेलो. भावाने मला काय विचारलं होतं, आणि काय सांगू नका म्हणाला होता, ते सगळं.

तिचा हात थांबला नाही. बऱ्याच सुपाऱ्या सोलून झाल्यावर म्हणाली, "ठाऊक होतं मला. परत आले त्या दिवशी त्याने माझं ताट वाढलं. सोताच्या हाताने. तीस वरसांत पहिल्यांदा."

मग म्हणाली, "लिही. पण खाली नाव तुझंच घाल."

तेवढ्यात बाकीच्या बायका विहिरीवरून हसत परत आल्या. मला पाहून गप्प झाल्या. मी पाटी उचलली आणि बाहेर आलो.