पाचच जिन्नस ओळखणारं यंत्र

मामा कोणतीही गोष्ट हातात घेण्याआधी हुंगायचे. चहा, पेपर, नव्या गिऱ्हाइकाचं व्हिजिटिंग कार्ड, सगळं. मग मान कलती करून म्हणायचे, "पट्टी काय म्हनती बघू." तुमच्याही बाजारपेठेत असा एखादा माणूस असेल. नसेल तर तुमचं नशीब थोडं कमी पडलं म्हणायचं.

आमचं दुकान कळंबला, धान्य बाजाराच्या मागं. मामा मालक, मी यंत्रं दुरुस्त करणारा. आधी आम्ही डेअऱ्यांना दुधातलं फॅट मोजायची यंत्रं विकायचो. करोनानंतर एका कंपनीचं पत्रक मामांच्या हाती पडलं आणि दुधावरून त्यांचं मनच उडालं. कुणी मुद्दाम घातक जंतू नाहीतर विष पसरवलं, तर ते ओळखणारं यंत्र! हवेत संशयित पूड उडाली की ते किंचाळायचं; मग ती पूड कसली, ते सोबतच्या पट्ट्या सांगायच्या.

"इंजिनेर, ह्येचं मार्केट लई वाढायलंय. इमानतळवाले घ्यायलेत, मोठमोठे दवाखाने घ्यायलेत. आपल्या जिल्ह्यानं काय पाप केलंय?"

साठी ओलांडलेला हा माणूस नवी सायकल मिळालेल्या पोरासारखा नाचायचा, आणि ते बघून मलाही चेव यायचा.

कंपनीची अट एकच होती: एक सरकारी ऑर्डर आणा, जिल्ह्याची एजन्सी तुमची. मामांनी दोन वर्षं साहेबलोकांच्या दारी जोडे झिजवले. शेवटी एक पोलीस अधिकारी म्हणाले, "गर्दीत चालवून दाखवा." मामांनी गर्दी निवडली ती येरमाळ्याची.

आता तुम्हीच सांगा, पांढरी पूड पकडणारं यंत्र कुणी येडेश्वरीच्या यात्रेत, चुना वेचायच्या दिवशी लावतं का? त्या दिवशी सारं रान माणसांनी भरतं आणि जो तो वाकून चुनखडीचे खडे वेचतो. आम्ही दोघंही लहानपणापासून वेचत आलेलो. पण चुना पांढरा असतो, हे काही आमच्या डोक्यात आलं नाही!

लोक वाकले, धुरळा उठला आणि यंत्र किंचाळायला लागलं. त्यातच एका हवालदाराला झाडाखाली पांढऱ्या पुडीचं बेवारस पुडकं सापडलं. अधिकाऱ्यांचा चेहरा उतरला. रान एकदम रिकामं करायला सांगावं, तर पळापळीत माणसं तुडवली जायची.

"पंधरा मिन्टं द्या, साहेब," म्हणत मामा मास्क आणि हातमोजे चढवून पुडक्यासमोर बसले. काडीनं चिमूटभर पूड घेतली, औषधात कालवली, पाच पट्ट्यांवर थेंब टाकले. एक रेघ म्हणजे साफ, दोन म्हणजे घात. पंधरा मिनिटांनी पाचही पट्ट्यांवर एकेकच रेघ! मी मामांना मिठीच मारणार होतो.

"म्हणजे सगळं सुरक्षित," अधिकारी म्हणाले. "तेवढं लिहून द्या. आजच यंत्राची शिफारस पाठवतो."

एक 'व्हय' म्हटलं की एजन्सी आमची. मी मामांना कोपरानं डिवचलं.

"न्हाय साहेब, तसं लिवता यायचं न्हाय. ह्या पट्ट्या पाचच जिन्नस ओळखत्यात. सहावं असलं तर ह्यास्नी ठावं न्हाय. मानसं हळूच बाजूला घ्या. हितं म्या बसतो."

आणि ते खरंच बसून राहिले, एकटे. बऱ्याच वेळानं एक बाई धापा टाकत आली. "आवो, ती रांगोळी हाय माझी! पालखीपुढं काढायचीय!"

सगळे हसले. ऑर्डर मात्र आली नाही, एजन्सी दुसऱ्याला गेली. मी महिनाभर मामांशी धड बोललो नाही, त्याची आज लाज वाटते. ते एवढंच म्हणाले, "इंजिनेर, मला झोप तर लागायली की."

मामा गेल्या दिवाळीत वारले. मागच्या महिन्यात त्याच अधिकाऱ्यांनी चार कंपन्यांची माणसं बोलावली होती. मार्केट खरंच वाढलंय! एका कंपनीचा तंत्रज्ञ म्हणून मीही गेलो. पहिला विक्रेता म्हणाला, "सर, आमचं यंत्र सगळं ओळखतं." दुसरा, तिसराही तेच म्हणाला. मग अधिकाऱ्यांनी माझ्याकडं बघितलं.

मी उठलो आणि आमचं यंत्र काय काय ओळखत नाही, ते एकेक करून सांगायला लागलो. शेजारी बसलेला आमच्या कंपनीचा माणूस घामाघूम झाला. अधिकारी मात्र लिहून घेत होते.