हळदीचं बोट

चांद दिसला की नाही, हे आमच्या गावात अब्बांना विचारायची पद्धत होती. आमचं गाव तळा गावाच्या पुढे, खाडीच्या तोंडाशी. रमजानच्या एकोणतिसाव्या रोज्याला सूर्यास्तानंतरची मगरिबची नमाज झाली की माणसं जेटीवर जमायची आणि पश्चिमेकडे बघत उभी राहायची. चांद दिसला तर उद्या ईद, नाही तर आणखी एक रोजा. पोरंटोरं उगाच चांद चांद म्हणून ओरडायची, उचलली जीभ लावली टाळ्याला. अब्बा मात्र गप्प असायचे. उमेदीची सगळी वर्षं आखातातल्या बंदरात क्रेन चालवलेला माणूस, नजर घारीची, पण घाई अजिबात नाही. एका वर्षी अख्ख्या जेटीला चांद दिसला आणि अब्बांना दिसला नाही. ढगाची कड आहे, म्हणाले. शेवयांची तयारी करून बसलेल्या बायका चिडल्या. थोड्या वेळाने ती कड विरून गेली, आणि तेव्हापासून अब्बांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ झाला. आता मुंबईहून मोबाईलवर निरोप येतो आणि ईद ठरते, तरी लोक जेटीवर जातात आणि अब्बांकडे बघतात.

मी प्रकाशाच्या ध्रुवीकरणावर काम करते. मुलगी काय करते असं कुणी विचारलं की आईची फार पंचाईत व्हायची. सोप्यात सांगायचं तर प्रकाशाची लाट सगळ्या दिशांनी डोलत असते, पण पाण्यावरून किंवा काचेवरून परतताना ती एकाच दिशेने जास्त डोलायला लागते. आपल्याला हा फरक सहसा कळत नाही, कॅमेऱ्याला मात्र शिकवता येतो. न्हावा शेव्याच्या बाजूला खाडीवर तेलाचा पातळ थर आला की साध्या फोटोत तो हरवतो, आमच्या कॅमेऱ्यात उठून दिसतो. आम्ही तो दाखवतो, अहवाल लिहितो. तेल येतच राहतं.

शिकत असताना मी एकदा, एकाच दिशेने डोलणारा प्रकाश अडवणारी ध्रुवक काच घेऊन गावी गेले होते. आकाशाची चमक कापली की चांद लवकर दिसेल, असा माझा हिशेब. पण सूर्य मावळतो त्या बाजूचा प्रकाश फारसा ध्रुवित नसतो, हे परीक्षेत लिहूनसुद्धा मी विसरले होते. काचेतून आकाश काळवंडलं, आणि त्याबरोबर चांदही. एवढं शिकून चांद काळा केलास, असं अब्बा म्हणाले, आणि ती ईद गावाने माझ्यावर हसण्यातच घालवली.

भरपाई म्हणून मी त्यांना दुसरी गंमत दाखवली. लॅपटॉपच्या पडद्यातून येणारा प्रकाश ध्रुवित असतो. पडदा कोरा पांढरा ठेवून मान डावी-उजवी कलती केली, तर नजरेच्या मधोमध एक फिकट पिवळा डाग उमटतो आणि लगेच विरतो. कॅमेरा नको, काच नको, नुसत्या डोळ्याला कळणारं ध्रुवीकरण ते एवढंच. मला तो डाग दिसायला आठवडा लागला होता. अब्बांनी दोनदा मान हलवली आणि म्हणाले, "हा काय, हळदीचं बोट पुसल्यावानी." त्यांच्याआधी मी तो कुणालाही इतक्या पटकन दाखवू शकले नव्हते. पुढे विद्यार्थ्यांनाही मी तेच सांगत आले, हळदीचं बोट शोधा.

मग अब्बांना दाराची चौकट वाकडी दिसायला लागली. मग माशातले काटे दिसेनात. मग समोरच्या माणसाचा चेहरा. पनवेलच्या डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्यातल्या पडद्याचा मधला भाग झिजतो आहे. चष्मा, ऑपरेशन, इंजेक्शन, यातलं काही या प्रकाराला चालत नाही. मधलं जाईल, कडेचं राहील. म्हणजे दार कुठे आहे ते कळेल, दारात कोण उभं आहे ते कळणार नाही. मला त्या डॉक्टरांचा संताप आला, कारण ते खरं बोलत होते.

पण तो पिवळा डाग डोळ्याच्या नेमक्या त्याच मधल्या भागामुळे दिसतो. तो भाग गेला की डागही जातो. म्हणजे जोवर अब्बांना हळदीचं बोट दिसतंय तोवर काहीतरी शिल्लक आहे. डॉक्टर काहीही म्हणोत, माझं माप माझ्याकडे होतं. दर खेपेला गावी गेले की जेवणाआधी मी लॅपटॉप उघडायचे. अब्बा मान कलती करायचे, थोडं थांबायचे आणि दिसतो म्हणायचे. माझ्या जिवात जीव यायचा आणि मग भूक लागायची.

आई ताटातल्या माशाचे काटे काढून द्यायला लागली, तरी ते दिसतो म्हणत होते. मी दारात उभी राहिले की बोलेपर्यंत त्यांना मी कोण ते कळेना, तरी दिसतो. अशा वेळी प्रयोगशाळेत काय करतात ते मला ठाऊक होतं. जिथे काही दिसूच शकत नाही तिथे बघायला लावायचं. मी ते टाळत राहिले. गेल्या हिवाळ्यात शेवटी पडद्यावर बटर पेपर चिकटवला. पडदा पांढराच राहतो, पण प्रकाशाचं ध्रुवीकरण मोडतं. तिथे डाग कुणालाही दिसणं शक्य नाही. अब्बा समोर येऊन बसले, मान कलती केली, थोडे थांबले.

"दिसतो," म्हणाले. "आज जरा चांगलाच हाय."

मी कागद काढून बॅगेत ठेवला. आईला सांगितलं, गाडी लागली आहे, जेवत नाही.

त्यानंतरच्या रमजानात, एकोणतिसाव्या रोज्याला, मी मुद्दाम गावी होते. अब्बांना आता जेटीवर हात धरून न्यावं लागतं. कुणीतरी ओरडलं, मग सगळ्यांना दिसला, मलाही दिसला, पलीकडच्या सुरूच्या झाडांवर, नखाएवढा. मुंबईचा निरोपही आला. ईद ठरलीच होती. शेजारच्या चाचांनी अब्बांचे खांदे धरून त्यांना नीट दिशेला वळवलं आणि म्हणाले, तू दिसला म्हण, त्याशिवाय ईद झाल्यासारखी वाटत नाही. सगळे थांबले. एवढा एक शब्द अब्बांना म्हणायचा होता आणि तो खराही होता. ते बराच वेळ वर बघत राहिले.

"मना न्हाय दिसला," अब्बा म्हणाले. "तुमाला दिसला तर ईद करा. मी गवाही देनार न्हाय."

चाचांनी खांद्यांवरचे हात काढले. लोक बाजाराच्या, शेवयांच्या गोष्टी करत परत निघाले. आम्ही मागे राहिलो. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, कुणाचा ते कळत नव्हतं. मी विचारलं, मग माझ्या लॅपटॉपवर कसा दिसतो.

"चांदाला काय फरक पडतो," ते म्हणाले. "तू एवढी लांबून येतेस."

ईदच्या संध्याकाळी पाहुणे गेल्यावर अब्बा जेवणाआधी आपल्या नेहमीच्या खुर्चीत येऊन बसले. लॅपटॉप त्यांच्या उजव्या हाताला, टेबलाच्या टोकावर चार्जिंगला लावलेला होता. आज दाखवायचा नाही का, असं त्यांनी विचारलं. बॅटरी संपली आहे, मी म्हटलं. अब्बा थोडे थांबले आणि बरं म्हणाले. चार्जिंगचा दिवा पेटलेला होता. कडेचं त्यांना अजून दिसतं.