मिससाठी निवडलेली इरकली

"मावशी, मिसना काय आवडतं? तुम्हीच सांगा," केतकी मॅडम म्हणाल्या.

डिस्पर्सल चालू होतं. डिस्पर्सल म्हणजे शाळा सुटल्यावर एकेका मुलाला, कार्ड बघून, त्याच्या घरच्या माणसाच्या हातात देणं. ते काम माझं आणि मंजुळाचं. आम्ही दोघी व्हाइटफील्डच्या एका नर्सरी शाळेत आया आहोत. शाळेत आम्हाला आया म्हणत नाहीत, अक्का म्हणतात. केतकी मॅडम पुण्याच्या, म्हणून त्या मावशी म्हणतात. मी निपाणीकडची. गेटवर तेव्हा माझ्याशी मराठीत बोलणाऱ्या त्या एकट्याच.

त्यांचा विहान आमच्या वर्गात होता. वर्गातल्या सगळ्या आयांच्या, म्हणजे आता मुलांच्या आयांच्या, व्हॉट्सॲप ग्रुपच्या त्या लीडर. वर्षाच्या शेवटी सगळ्यांनी मिळून क्लास टीचरला गिफ्ट द्यायचं असतं. ते काय घ्यायचं हे ठरवायचं काम त्यांच्याकडे आलं होतं.

"कॉफी मग, पेन यांपेक्षा काहीतरी युनिक हवंय," त्या म्हणाल्या. "आणि मावशी, तुम्हाला काय हवंय?"

"मला काही नको हो," मी म्हणाले.

"बरं," त्या म्हणाल्या आणि विहानला कारमध्ये बसवायला गेल्या.

मी तशीच उभी राहिले. आमच्याकडे कोणी काही विचारलं की पहिल्यांदा नको म्हणायचं. समोरच्याने पुन्हा विचारायचं. पुन्हा नको म्हणायचं. तिसऱ्यांदा, बरं, एवढं म्हणताय तर, असं म्हणून घ्यायचं. चहासुद्धा आम्ही असाच घेतो. माझं एक नको आणि एक बरं अजून शिल्लक होतं आणि कार निघून गेली.

आता विहानचं सांगते. तो जूनमध्ये आला तेव्हा डायपरमध्ये होता. डायपर सोडवायच्या कामाला शाळेत टॉयलेट ट्रेनिंग म्हणतात, म्हणजे मुलाला वेळेवर बाथरूमला जायची सवय लावणं. दर पाऊण तासाने मी त्याला घेऊन जायची. तो बसायचा आणि मी समोर उकिडवी बसून त्याला निपाणीच्या बाजारातल्या म्हशींच्या गोष्टी सांगायची. गोष्ट संपायच्या आधी उठला तर म्हैस हरवते, असं त्याला सांगितलं होतं. दिवाळीपर्यंत डायपर सुटला. पॅरेंट्स मीटिंगला केतकी मॅडम क्लास टीचर काव्या मिसचा हात धरून म्हणाल्या, "मिस, तुम्ही जादू केलीत." मी मागे खुर्च्या लावत होते. मिस हसल्या. त्यांनी नाही म्हटलं नाही. एकदासुद्धा नाही.

तर मिसना काय हवं होतं, हे मला चांगलं माहीत होतं. मिस लखनौच्या, वय तीसच्या आत. दिवसभर उभ्या असतात. मुलं झोपली की टेबलाखाली चपला काढून तळपाय थंड फरशीवर दाबून धरतात. डॉक्टरांनी मऊ तळाच्या चपला वापरायला सांगितलं आहे, हे त्यांनी मला हिंदीत दोनदा सांगितलं होतं. ऑनलाइन मागवलेल्या दोन जोड्या परत पाठवल्या, हेही सांगितलं होतं. एवढं सगळं मला माहीत होतं आणि मी ते केतकी मॅडमना सांगितलं नाही.

का, ते सांगण्यासाठी टेबलाचं सांगावं लागेल.

गिफ्ट मिळतात त्या दिवशी शाळा सुटल्यावर टीचर लोक स्टाफ रूममध्ये पाकिटं उघडतात. जे नको ते खिडकीजवळच्या टेबलावर ठेवतात आणि आम्हाला हाक मारतात. "अक्का, हवं ते घ्या." मंजुळा पहिली पोचते. तिने आतापर्यंत तिथून एक पर्स, एक भिंतीवरचं घड्याळ आणि चांगली बेडशीट नेली आहे. मी दाराशी थांबते. मी पोचेपर्यंत कॉफीचे मग उरलेले असतात. माझ्या घरी असे सात मग आहेत. सगळ्यांवर इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं आहे. माझ्या मुलीने ते वाचून दाखवलं. "आई, तू जगातली सगळ्यात चांगली टीचर आहेस. सात वेळा."

आणि काव्या मिस साडी नेसत नाहीत. जीन्स आणि कुर्ता. कार्यक्रमालासुद्धा.

दुसऱ्या दिवशी केतकी मॅडम लवकर आल्या आणि फोन माझ्यासमोर धरला. "हे बघा मावशी, शॉर्टलिस्ट." घड्याळ, सेंटेड मेणबत्ती, नाव कोरलेला पेन, रोपाची कुंडी. मी सगळं बघितलं. मग मी म्हणाले, "मिसना इरकली साडी फार आवडते."

मी कमी बोलते. कमी बोलणारी माणसं खोटं बोलत नाहीत असं लोक धरून चालतात. केतकी मॅडमनी तर मला मिठीच मारली.

"मावशी, काय सुंदर आयडिया. हातमागाची. आणि इथलीच, कर्नाटकातली. मला का नाही सुचलं?"

मला सुचलं कारण मला ती हवी होती. माझ्या आईची एक इरकली होती, हिरवी, लाल काठाची. आई गेल्यावर ती वहिनीने घेतली. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं, ते वेगळं. वहिनी दर लग्नात ती नेसते आणि माझ्यासमोर पदर सारखा करते.

दोन दिवसांनी जयनगरच्या दुकानातून केतकी मॅडमचा व्हिडिओ कॉल आला. मी मुलांच्या डब्यांची झाकणं लावत होते. "जांभळी की हिरवी, मावशी? पटकन सांगा, पार्किंग नाहीये."

"हिरवी. लाल काठ."

"मिसना शोभेल ना? त्या गोऱ्या आहेत."

"शोभेल," मी म्हणाले. मी सावळी आहे. हिरवी माझ्या रंगावर उठून दिसते.

गिफ्ट द्यायचा दिवस ग्रॅज्युएशनच्या आदल्या दिवशी होता. ग्रॅज्युएशन म्हणजे नर्सरी संपल्यावर मुलांना काळा झगा आणि चौकोनी टोपी घालून स्टेजवर कागद देतात. वय वर्षं चार. मी चौथी पास झाले तेव्हा गुरुजींनी फक्त मान हलवली होती. त्या झग्यांना इस्त्री मीच केली.

शाळा सुटली. आम्हाला हाक आली. या वेळी मी दाराशी थांबले नाही. मंजुळा मागे राहिली आणि म्हणाली, "काय कमलक्का, आज बस पकडायची आहे काय? स्वल्प हळू."

काव्या मिसनी खोका उघडला. साडी बाहेर काढली, उलगडली, लाल पदर बघितला. मग घडी केली आणि खिडकीजवळच्या टेबलावर ठेवली.

मी हात पुढे केला. मंजुळाचा हात माझ्या आधी पोचला.

"अक्का, ती नाही," मिस म्हणाल्या. "ती फक्त ठेवली आहे. माझा हात चिकट आहे हे आत्ता कळलं, लाडू खात होते." त्यांनी हात पुसला आणि साडी पुन्हा मांडीवर घेतली. "उद्या हीच नेसणार. पण मला नेसता येत नाही. कमल अक्का, तुम्ही नेसवाल?"

"नेसवते," मी म्हणाले. तिथे नको म्हणायचं मला सुचलं नाही.

टेबलावरून मी एक मग घेतला. आठवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टोअर रूममध्ये, डायपरच्या खोक्यांमागे, मी त्यांना साडी नेसवली. त्यांच्याकडे ब्लाउज नव्हता म्हणून काळा टी-शर्ट घातला होता. परकर नव्हता, तो मी घरून आणला होता. माझा धुतलेला परकर आणि त्यावर माझ्या पसंतीची इरकली. सूत हाताला गार लागत होतं. निऱ्या घालताना मी त्या अंगठ्यावर मोजून बसवल्या, जशा आईच्या बसायच्या. वाईट नेसवावी असं एकदा मनात आलं. पण कपडे घालणं हे माझं काम आहे. दिवसाला पंचवीस मुलांची बटणं लावते. हात आपोआप नीट करतात.

निऱ्यांची टोकं सारखी करायला मी खाली बसले. तेव्हा त्यांचे पाय दिसले. टाचा सुजल्या होत्या. एका टाचेला पट्टी होती. त्यावर त्या उंच सँडल चढवत होत्या.

"चपला घाला ना साध्या," मी म्हणाले.

"साडी लांब आहे, अक्का. जमिनीला लागेल. आजच्या दिवस सोसते." मग म्हणाल्या, "केतकी सांगत होती, हे तुम्ही सुचवलं. इतक्या वर्षांत मला सगळ्यांनी पेन दिले. मी साडी नेसत नाही म्हणजे मला नको असते, असंच सगळे समजतात. मला शिकवलीच नाही कोणी. तुम्हाला कसं कळलं?"

"असंच," मी म्हणाले आणि पिन लावली.

हॉलमध्ये सगळे मिसकडे बघत होते. प्रिन्सिपल मॅडमनी फोटो काढायला लावला. गोऱ्या रंगावर हिरवी उठून दिसत होती. त्यांना शोभणार नाही हा माझा अंदाज चुकला होता. मी पडद्यामागे टोप्या सरळ करत होते आणि स्टेजवरच्या प्रत्येक निरीवर माझं लक्ष होतं. मिस वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर घेत होत्या. ते बाकी कोणाला दिसत नव्हतं. मला दिसत होतं, आणि त्या साडीवरून नजर काही हलत नव्हती.

कार्यक्रमानंतर केतकी मॅडम ज्यूसचा ग्लास घेऊन माझ्याकडे आल्या.

"मावशी, परफेक्ट सांगितलंत हं. तुमच्यासाठी पण घेणार होतो आम्ही. ग्रुपमध्ये ठरलं होतं, अक्कांना पण द्यायचं. दुकानात अशीच अजून एक होती, हिरवीच. हातात घेतली होती मी."

"मग?" मी म्हणाले.

"मग काय, तुम्ही काही नको म्हणाला होतात ना. म्हटलं उगाच जबरदस्ती कशाला, तुम्हाला आवडायचं नाही. मंजुळाला विचारलं तर तिने लगेच मिक्सर सांगितला. तिला मिक्सर दिला."

मंजुळा दाराशी मिक्सरचा खोका काखेत धरून उभी होती. मला बघून म्हणाली, "सरी सरी, असू दे, कमलक्का, तुझ्या चटणीचं वाटण मी करून देते." तिने ते चांगल्या मनाने म्हटलं. मला त्या वेळी ते तसं वाटलं नाही.

संध्याकाळी मिसनी परकर परत दिला, धुवून नाही, तसाच. साडी पिशवीत घालून त्या लंगडत कॅबपर्यंत गेल्या. मी गेट लावलं. मला राग त्यांचा होता, केतकी मॅडमचा होता, मंजुळाचा होता, वहिनीचा तर होताच. माझा स्वतःचा यायला बस सिल्क बोर्डच्या थांब्याला पोचावी लागली.

यंदा मार्चमध्ये ग्रुपची लीडर दुसरी होती, नागपूरच्या श्वेता मॅडम. केतकी मॅडमनीच त्यांना माझ्याकडे पाठवलं होतं. "मावशींना विचार, त्यांना सगळं माहीत असतं."

"काव्या मिसना काय द्यायचं?" त्यांनी विचारलं.

"मऊ तळाच्या चपला. सहा नंबर. टाच सपाट. दुकानात नेऊन घालून बघायला लावा, मागवू नका."

त्यांनी ते फोनमध्ये लिहून घेतलं. "आणि तुम्हाला?"

"मला काही..." माझ्या तोंडातून निघालं होतं. श्वेता मॅडमचा अंगठा फोनवर थांबला होता. "इरकली साडी," मी म्हणाले. एवढं बोलून मला घाम फुटला.

"ओके," त्या म्हणाल्या. बस, इतकंच. कोणी हसलं नाही, कोणाला काही वाटलं नाही.

चपला मिसना बरोबर झाल्या. आता त्या टेबलाखाली चपला काढत नाहीत. त्यांच्या जुन्या सँडल टेबलावर आल्या होत्या, त्या मंजुळाने नेल्या. माझी साडी खोक्यात घालून, वर माझं नाव लिहून आली. मी ती स्टोअर रूममध्ये जाऊन उघडली. जांभळी निघाली.

ग्रॅज्युएशनला मी ती नेसले. मिस त्यांची हिरवी नेसल्या, या वेळी स्वतःच्या हाताने, यूट्यूब बघून. निऱ्या मागेपुढे झाल्या होत्या, तरी सगळे त्यांनाच छान म्हणत होते. मला मंजुळा छान म्हणाली. जांभळी वाईट नाही. पण हिरवी ती हिरवी.

पॅरेंट्सना एवढंच सांगेन की टीचरला काय द्यायचं ते आयाला विचारा, तिला माहीत असतं. आयाला काय हवं ते विचारलंत आणि ती नको म्हणाली, तर अजून दोनदा विचारा. आणि माझ्यासारख्या जिला कोणी दोनदा विचारत नाही, तिने पहिल्यांदाच काय ते सांगावं. रंगासकट.