चादरीखालचं मशीन

गेली बारा वर्षं रक्तपेढीचा सर्व्हर तीच सांभाळत होती, तरी सगळे तिला अजून टायपिस्टबाईच म्हणत. हे काम तिला तिथल्याच जुन्या मास्तरांनी हाताला धरून शिकवलं होतं. मास्तरांनी उभ्या नोकरीत कधी सुट्टी घेतली नाही. गेले तेही रविवारी.

ते गेल्यावर तिने अ‍ॅडमिनच्या खात्याचा पासवर्ड रीतसर बदलला, आणि तेव्हापासून ते खातं लॉक होऊ लागलं. राखीव खात्यातून शिरून तिने ते उघडावं, की पाच मिनिटांत पुन्हा लॉक.

"बाई, पासवर्ड तुम्ही विसरता आणि बोल मशीनला लावता," साहेब म्हणाले. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

चौथ्या दिवशी तिने सर्व्हरचा लॉग ओळ न् ओळ वाचून काढला. एक मशीन दर मिनिटाला जुनाच पासवर्ड देत होतं, आणि पाच चुका झाल्या की खातं लॉक. कुठलं, ते वाचलं आणि ती उठून कोपऱ्यातल्या टेबलाकडे गेली.

मास्तरांचं मशीन बंद करायला कुणाचा हात धजला नव्हता. सगळ्यांनी त्यावर नुसती चादर घातली होती. त्या चादरीखाली ते रोजच्यासारखं रक्ताच्या पिशव्यांचा हिशोब लावायला सर्व्हरचं दार ठोठावत होतं, आणि तिनेच ते दार लावून घेतलं होतं.

तिने चादर बाजूला केली, बटण दाबलं. पंख्याची घरघर थांबली.

"सापडलं का? कोण होतं?" साहेबांनी विचारलं.

"मास्तर होते," ती म्हणाली. "आत्ताच सुट्टी दिली त्यांना."