त्यांचे सात किलो

आमच्या दोघांच्या मोबाइलमध्ये पावलं मोजणारं ॲप लेकीनं एकाच दिवशी टाकून दिलं. रोज आठ हजार पावलं चालायची, रविवारी वजन करून आकडा भरायचा, आणि एकाचा आकडा दुसऱ्याला दिसणार. मी शाळेत शिकवते, दिवसभर पायांवर उभी असते. हे मकरपुऱ्यातल्या कारखान्यात खुर्चीत बसून ड्रॉइंग तपासतात. जिंकणार मीच, याबद्दल मला शंका नव्हती.

दोन महिन्यांत माझं वजन सहाशे ग्रॅमनं उतरलं. यांचं सात किलोनं.

मी गोड सोडलं, भात सोडला, पहाटे उठून कमाटीबागेत फेऱ्या मारल्या. हे रविवारी फाफडा-जलेबी आणायचे, संध्याकाळी मित्रांबरोबर झणझणीत शेवउसळ खायचे, आणि तरी अभिनंदनाचे फुगे त्यांच्याच मोबाइलवर उडायचे. पँट ढिली होते म्हणून त्यांनी पट्ट्याला खिळ्यानं नवं भोक पाडलं, तेव्हा हातोडीचा तो आवाज मला सहन होईना. शेजारच्या गुजराती बेननी जिन्यात थांबवून विचारलं, भाईंनी काय केलं ते मलाही सांगा. चालतात, एवढंच मी हसून सांगितलं आणि घरात येऊन भांडी आपटली.

त्यांना सारखी तहान लागायची. जेवताना तांब्याभर पाणी संपायचं. मला वाटलं, ॲप पाणी प्यायला सांगतं म्हणून हा सगळा आज्ञाधारकपणा. सोफ्यावर बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागायचा. मी मनात म्हणायचे, झोपा, झोपूनही तुमचंच उतरणार.

दिवाळीच्या सुट्टीत लेक पुण्याहून आली. बापाला दारात पाहून ती बॅग खाली ठेवायचीच विसरली. त्यांनी हौसेनं मोबाइलवरचा आलेख दाखवला, तिनं तो धड पाहिलाही नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, तू रोज बघतेस ना बाबांना?"

दुसऱ्याच दिवशी रक्त तपासलं. साखर इतकी वाढली होती की डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला. वजन उतरत होतं ते आजारानं, असं त्यांनी समजावून सांगितलं.

परतताना रिक्षात हे म्हणाले, "म्हणजे मी जिंकलोच नव्हतो."

मी त्यांच्याकडे वळून पाहिलं. त्यांच्या गळ्याची हाडं वर आली होती, ती मला तेव्हा पहिल्यांदा दिसली.

गोळ्या सुरू झाल्या, तहान थांबली, हळूहळू चार किलो परत आले. हे खट्टू झाले. मी देवापुढे नारळ फोडला. आता सकाळी आम्ही बरोबरच निघतो. पण खरं सांगायचं तर माझा स्वभाव काही गेलेला नाही. बागेच्या फाटकातून आत शिरलं की हे लांब ढांगा टाकत पुढे निघून जातात, आणि त्यांच्या पाठीकडे बघत मी दात-ओठ खाऊन वेग वाढवते.