कुंडलमधली थाई रीतभात

थायलंडमधल्या माणसांना त्यांचे रीतिरिवाज जेवढे ठाऊक नसतील, तेवढे आमच्या थोरल्या चुलत्यांना, आबांना, ठाऊक आहेत. हे ज्ञान त्यांनी एका महिन्यात मिळवलं, आणि त्यातलाही निम्मा महिना पोट बिघडल्यामुळे खोलीत काढला, हे ऐकलं की त्यांच्यापुढे हात जोडावेसे वाटतात. हातही कसेही जोडून चालत नाहीत म्हणा. बरोबरीच्या माणसाला बोटं हनुवटीपर्यंत, वडीलधाऱ्याला नाकापर्यंत आणि देवाला थेट कपाळापर्यंत. आमच्या कुंडल गावात आम्ही आजवर सगळ्यांना सरसकट रामराम घालत होतो, ते किती रानटीपणाचं होतं, हे आबांनी परत आल्यावर आम्हाला समजावून सांगितलं.

आबा म्हणजे फौजेतून सुभेदार होऊन आलेला माणूस. मळ्यातून त्यांनी काकूंना चहा टाकायला सांगितला, की वाटेतल्या सगळ्या घरांत चहा टाकला जाई. त्यांचा मुलगा नोकरीसाठी थायलंडला गेला आणि तिथलीच बायको करून राहिला. त्याची मुलगी माली, पाच वर्षांची. तिला पहिल्यांदा बघायला आबा तिकडे गेले आणि दारातच "कुठं हाय गं माझी वाघीण!" अशी गर्जना करून त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. पोर किंचाळत आईमागं लपली. मुलगा म्हणाला, "आबा, हितं मोठ्यानं बोलत न्हाईत. आन् कुणाच्या डोक्याला हात लावत न्हाईत." झालं! माली महिनाभर त्यांच्याजवळ फिरकली नाही. "परक्यागत बघायची रं माझ्याकडं," एवढंच ते मला एकदा म्हणाले, आणि लगेच काट्या-चमच्याच्या विषयाकडे वळले. दिवाळीला ती सगळी कुंडलला यायची होती. या खेपेला नात बुजता कामा नये, म्हणून आबांनी सगळ्या वस्तीलाच थाई करायला घेतलं.

थोरांच्या समोरून जाताना वाकून जायचं, हा पहिला धडा. सहा फुटी आबा पारावरच्या म्हाताऱ्यांसमोरून कमरेत वाकून जाऊ लागले, तेव्हा "सुभेदार, कंबर धरली व्हय?" असं म्हणून एकानं लेप आणून दिला. जेवताना काट्यानं घास ढकलायचा आणि चमच्यानं खायचा, हा दुसरा. आमटीत चुरलेली भाकरी अशी खायला आबांना दुपारच्या चहापर्यंत वेळ पुरत नसे. पण खरे हाल झाले काकूंचे. त्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे त्या पाय पसरून धान्य निवडत बसतात. आणि माणसाकडे पाय रोखून बसणं म्हणजे तिकडे महापाप. कुणी अंगणात आलं, की आबा काकूंना सुपासकट दुसरीकडे फिरवून बसवत. "एकदाची मला जात्यावरच बसवा," काकू म्हणाल्या.

आवाज चढवायचा नाही, हा मात्र सगळ्यात अवघड धडा. मळ्याच्या शेजाऱ्यानं एकदा आबांच्या पाण्याच्या पाळीत पाट फोडून ते आपल्या उसाला वळवलं. एरवी अशा वेळी आबांचा आवाज थेट पलूसला गेला असता. आता ते बांधावर गेले, हात जोडून मंद हसले आणि "जाय येन" म्हणाले. म्हणजे काळीज थंड ठेवा. शेजाऱ्याचं काळीज खरोखरच थंड पडलं. "सुभेदार हसतोय म्हंजे वकील गाठलाय, गड्या," असं म्हणत त्यानं पाट तर बुजवलाच, वर आपल्या पाळीतलं पाणीही देऊ केलं. थाई शिष्टाचाराचा सांगली जिल्ह्याला झालेला एवढाच फायदा मला ठाऊक आहे.

दिवाळीला गाडी दारात आली. आम्ही सगळे अनवाणी, ओळीत, दात दाखवत उभे, आणि कुणी बोलेल तर शपथ. काकू भाकरतुकडा घेऊन पुढे झाल्या, तसे आबा कुजबुजले, "डोक्यावरनं काय फिरवायचं न्हाई."

"मग काय पायावरनं ओवाळू?" काकू म्हणाल्या.

एवढ्यात माली पुढे आली. आबांनी हात जोडले, मान झुकवली, मांजराच्या आवाजात "सवादी क्राप" म्हणाले. पोरीनं त्यांना खालीवर बघितलं, आईचा झगा ओढला आणि काहीतरी विचारलं. मुलगा हसायलाच लागला. "आबा, ती इचारतीया, वरडणारा आजा कुठं गेला? तुमी गेल्यापास्नं घरात बाहुल्यांवर तुमच्यागत वरडत असती ती."

आबांनी जोडलेले हात सोडले, पाठ ताठ केली. मग छाती भरून म्हणाले, "आगं हितं हाय की गं मी, माझे वाघिणी!" गोठ्यातल्या म्हशीनं दावं ओढलं, बोरीवरचे कावळे उडाले, काकूंच्या हातातला भाकरतुकडा पडला. आणि माली त्याहून मोठ्यानं ओरडून त्यांच्या गळ्यात पडली. पुढे सुट्टीभर त्या दोघांनी वस्तीच्या कानाचे पडदे शिल्लक ठेवले नाहीत. आम्ही वैतागलो होतो, खोटं कशाला सांगू?

मग ती सगळी परत गेली. आता आबा पुन्हा हळू बोलतात, आणि ते काही थाई रीतीप्रमाणे नाही. चहा हवा असला तरी घरापर्यंत चालत येतात. ऐकवत नाही मला तो आवाज. परवा शेजारी माझ्याकडे आला, तोंड पाडून. त्यानं मुद्दाम आबांच्या पाळीत पाट फोडला होता आणि बांधावर वाट बघत बसला होता. आबा आले, बघितलं, "असू दे, घे" म्हणाले आणि परत फिरले.

"म्याच बुजवून आलो पाट," तो म्हणाला. "त्यो वरडंना गड्या, मग पाणी घिऊन करू काय?"